आग विझल्यानंतरची गाडी

मोटारीला लागलेली आग विझली की संकट टळले, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु ज्याच्या घरची गाडी आतून जळाली आहे त्याला पुढे कळून चुकते की, ज्वाळांनी अपुरे ठेवलेले काम काजळी, ओलावा आणि हितचिंतकांचा उत्साह हे तिघे मिळून पुरे करू शकतात.

वडिलांनी हौसेने घेतलेली आमची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, १०८९ सीसी इंजिनाची आणि स्टिअरिंगलगतच्या दांड्याने गिअर बदलणारी होती. पूर्वी केव्हातरी टेपरेकॉर्डर बसवताना कोणा कारागिराने त्याची तार फ्यूज वगळून थेट बॅटरीच्या प्रवाहाला जोडली होती. वयोमानाने कडक झालेले तिचे वेष्टण पत्र्याच्या कडेवर घासून फाटले आणि एका रात्री उभ्या गाडीतच डॅशबोर्ड, पुढची सीट व छताचे अस्तर पेटले. रखवालदाराने पावडरचा सिलिंडर वेळीच वापरल्यामुळे इंजिन आणि सांगाडा बचावला. त्यानंतर जे शिकावे लागले, त्याचे सार एवढेच की, जळालेल्या गाडीच्या बाबतीत क्रम चुकला तर पैसा आणि मेहनत दोन्ही वाया जातात.

गाडी निवल्यावर प्रथम बॅटरीची मायनसची तार सोडवावी, म्हणजे उघड्या पडलेल्या तारांतून आग पुन्हा धुमसण्याचे भय उरत नाही. सकाळी शेजारीपाजारी बादल्या आणि साबण घेऊन मदतीस येतात; त्यांना चहा पाजावा, परंतु गाडीला हात लावू देऊ नये. सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीस तत्काळ लेखी कळवून त्याची पोहोच ठेवावी, अग्निशमन दल आले असल्यास त्यांचा दाखला व पोलिसांनी पंचनामा केला असल्यास त्याची नक्कल मिळवावी, आणि सर्व्हेअर पाहणी करून जाईपर्यंत जळका तुकडादेखील फेकू नये; कारण जो पुरावा आपणच झाडून टाकला, त्याची भरपाई कोणत्या तोंडाने मागणार?

निव्वळ थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान येत नाही. सर्वंकष विम्यात आग आणि स्वयंप्रज्वलन या दोहोंचा अंतर्भाव असतो, केवळ विद्युत् बिघाडाचा मात्र नसतो. म्हणून तार बिघडली एवढेच न लिहिता आगीने काय काय जळाले याचा तपशील अर्जात द्यावा. प्रचलित पॉलिसीत रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांनाही तोच दर लागतो, काच तेवढी सुटते. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी पूर्ण नष्ट झाली असे धरतात. उत्पादन बंद झालेल्या गाडीचे हे मूल्य उभयपक्षी ठरत असल्याने, त्याची घासाघीस नूतनीकरणाच्या वेळी करावी. जळाल्यानंतर तिला अर्थ नसतो.

सफाईची पाळी त्यानंतरची. तारांवरील पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि तो ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो. उघड्या पत्र्यावर काही दिवसांतच गंज दिसू लागतो तो यामुळेच. सिलिंडरमधील पावडरही दमट हवेत विद्युत्-जोडण्या खाते. सबब मुखपट्टी व हातमोजे घालून, दारे उघडी ठेवून, आधी व्हॅक्युम क्लीनरने कोरडी काजळी आणि पावडर ओढून घ्यावी. ओले फडके प्रथमच फिरवले तर काजळी रेक्झिनच्या रंध्रांत कायमची बसते. मग उघडा धातू खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्याने पुसून पूर्ण वाळवावा. फोम, गालिच्याखालचा नमदा आणि सीटबेल्ट यांचा मोह धरू नये: पहिल्या दोहोंत शिरलेला वास कोणत्याही सुगंधाने जात नाही, आणि उष्णतेने दुबळा झालेला पट्टा वरून धडधाकट दिसला तरी ऐनवेळी दगा देतो.

वायरिंगला ठिगळे लावू नयेत, संपूर्ण हार्नेस नवा घालावा. प्रत्येक जादा उपकरणाच्या तारेला, तिच्या जाडीस साजेसा फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवावा, कारण फ्यूजच्या अलीकडील तार असंरक्षितच राहते. पत्र्यातून तार जाते तेथे रबरी बुश असावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून काम भागवणारे महाभाग अद्याप भेटतात. फ्यूजऐवजी तारच वितळावी, अशी तजवीज ते स्वहस्ते करतात. जुन्या गाडीत बॅटरी तोडण्याचा स्विच बसवणे अल्पखर्चाचे असून उभ्या गाडीस लागणाऱ्या अशा आगीवर तो उत्तम उपाय आहे.

गाडीवर जीव असला की नवी सीट पाहण्याची घाई होते, आणि कुशनवालाही पहिल्याच आठवड्यात मापे घेण्यास येतो. त्याला सर्वांत शेवटी बोलवावे. पत्रा गंजमुक्त झाला, नव्या वायरिंगची चाचणी झाली आणि बंद दारांआड उन्हात तापलेल्या गाडीतूनही जळका वास येईनासा झाला, म्हणजेच रेक्झिनचा रंग निवडण्यास बसावे. अन्यथा तेच रेक्झिन पुन्हा उसवण्याची मजुरी वेगळी मोजावी लागते.