थंड भट्टीला पुन्हा अग्नी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. मग सुतार त्यांच्याभोवती फिरू लागतो. कुजलेली फळी काढून तेथे नवी बसवावी, फटींमध्ये कापूस ठासून भरावा, असे त्याचे काम चालते. काही वर्षांत लाकडी होडीच्या कितीतरी फळ्या बदलून जातात. तरी नाखवा तिला पहिल्याच नावाने ओळखतो. तिला जुनी म्हणावी की नवी, हा प्रश्न त्याला पडत नाही. वाफेचे जुने आगगाडीचे इंजिन दुरुस्त करणाऱ्यांना मात्र हाच प्रश्न पदोपदी अडवतो.

कोकणच्या किनाऱ्याला वाफेची ओळख झाली ती आगबोटीमुळे. रेल्वे तेथे फार उशिरा आली. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ च्या जानेवारीत खुला झाला. तोपर्यंत भारताच्या रुंदमापी मार्गांवरील वाफेची गाडी इतिहासजमा झाली होती. म्हणून रत्नागिरीच्या मुलाला वाफेच्या इंजिनाची गोष्ट सांगायची, तर त्याला नेरळला न्यावे लागते.

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधली. त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी त्यासाठी सुमारे सोळा लाख रुपये दिले. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट आणि मार्ग सुमारे वीस किलोमीटर. पण वाट डोंगरातून अशी काही वळणे घेत जाते की, साधे इंजिन तेथे अडकूनच बसावे. सहा चाके एकाच ताठ चौकटीत बसवली, तर तीव्र वळणावर ती रुळांशी झगडतात. यासाठी जर्मनीतील ऑरेनस्टाइन आणि कोपेल या कंपनीकडून चार खास इंजिने आणण्यात आली. त्यांच्या पुढच्या व मागच्या आसांची रचना मोठी चतुराईची होती. भरीव आस एका पोकळ आसाच्या पोटात बसवलेली असे. दांड्यांच्या जोरावर भरीव आस फिरे, ती जागची हलत नसे. चाके मात्र पोकळ आसावर असल्यामुळे वळणाप्रमाणे किंचित तिरपी होत. एखाद्या यंत्राला डोंगराशी तडजोड करायला शिकवावे, तशी ही युक्ती होती.

पुढे डिझेल इंजिने आली आणि या चारांची भट्टी विझली. त्यांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन इंग्लंडातील लेटन बझर्ड येथील छोट्या रेल्वेकडे गेले. ही रेल्वे स्वयंसेवक चालवतात. कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी निवृत्त फिटर. सुटीच्या दिवशी ही मंडळी अंगात जुने कपडे घालून हात काळे करायला येतात. या रीतीचा आरंभ वेल्समधील तालिलिन रेल्वेने केला. दगडी पाट्यांच्या खाणीसाठी १८६५ साली सुरू झालेली ही गाडी मालकाच्या निधनानंतर बंद पडण्याच्या बेतात होती. १९५१ साली स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली, तेव्हा ‘डॉल्गॉख’ नावाच्या एकट्या थकल्या इंजिनावर सारा भार होता. जगात स्वयंसेवकांनी वाचवलेली ही पहिली रेल्वे होय.

असे इंजिन पुन्हा जिवंत करायचे म्हणजे काय करायचे? रंग देऊन पितळ घासले की काम झाले, असे पाहुण्यांना वाटते. वास्तविक रंग शेवटी येतो. आधी सारे इंजिन सुटे करतात आणि प्रत्येक भागाला क्रमांकाची पट्टी बांधतात. हे काम कंटाळवाणे खरे; पण एक पट्टी हरवली, तर पुढे दिवसच्या दिवस वाया जातात. बॉयलरवरचे आवरण उतरवताना विशेष जपावे लागते, कारण जुन्या काळी उष्णता टिकवण्यासाठी तेथे ॲस्बेस्टॉस लावत. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ते काढण्याचे काम जाणकारांवरच सोपवावे लागते.

खरी कसोटी बॉयलरची. पाण्याची वाफ झाली की ती उघड्यावर सुमारे सोळाशेपट जागा व्यापते. तीच बंद भांड्यात कोंडली म्हणजे तिच्या अंगी गाडी ओढण्याचे बळ येते. पण पत्रा गंजून पातळ झाला असेल, तर तेच बळ जिवावर उठते. म्हणून भट्टीतील तप्त धूर वाहून नेणाऱ्या नळ्या बाहेर काढतात, आत साठलेले क्षारांचे थर खरवडतात आणि पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजतात. मग बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून नेहमीपेक्षा अधिक दाब देतात. परीक्षेसाठी वाफ न घेता पाणीच का घ्यावे? पाणी दाबले तरी फारसे आक्रसत नाही. त्यामुळे पत्रा फाटलाच, तर पाण्याची चिळकांडी उडते आणि दाब तत्काळ उतरतो. वाफ मात्र फुटली की स्फोट होतो.

तुटलेला भाग बाजारात मिळत नाही, कारण तो करणारे कारखानेच उरलेले नसतात. तेव्हा जुन्या भागाची मापे घेऊन लाकडी नमुना करावा लागतो. ओतलेली धातू थंड होताना आक्रसते, म्हणून नमुना मुद्दाम थोडा मोठा ठेवतात. त्यावरून वाळूचा साचा करून भाग ओततात. लाकूड, वाळू आणि धातू या तिघांचे ज्ञान एकाच हाती असलेले कारागीर आता विरळ झाले आहेत. इंजिन काचेआड ठेवले तरी टिकेल. ही विद्या मात्र वापरली नाही, तर कारागिराबरोबरच जाते.

यावर काही जाणते आक्षेप घेतात. इंजिन चालवले की ते झिजते. झिजले की मूळचा भाग जातो आणि नवा येतो. असे करता करता मूळचे काय उरणार? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. जुन्या लोखंडावरच्या हातोड्याच्या खुणासुद्धा इतिहासच सांगत असतात. म्हणून शहाणी मंडळी काढलेला भाग भंगारात न देता त्यावर चिठ्ठी लावून जपतात आणि बदललेल्या भागांची वही ठेवतात. सर्वच इंजिने चालवावीत असेही नाही. इंग्लंडातील लीड्स येथे १८५५ साली बांधलेले आपल्याकडील ‘फेअरी क्वीन’ १९०९ साली निवृत्त झाले होते. ते १९९७ साली दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हा धावले. उलट, एकमेव उरलेल्या एखाद्या इंजिनाला स्वस्थ उभे ठेवणेच इष्ट ठरते.

दुरुस्ती झाल्यावर भट्टी पेटवतात तीही घाईने नव्हे. एकदम मोठा जाळ केला, तर काही भाग लवकर प्रसरण पावतात, काही मागे राहतात आणि सांधे गळू लागतात. म्हणून आधी थोडी लाकडे, मग थोडा कोळसा, असे करीत थंड बॉयलर तासन् तास सावकाश तापवावा लागतो. दाब दाखवणारा काटा बराच वेळ शून्यावर असतो. मंडळी एकेका सांध्याखाली कंदील धरून थेंब शोधतात. मग काटा किंचित हलतो आणि कोणी तरी वहीत वेळ लिहून ठेवतो.