पैनगंगेची प्रकृती कोण पाहते?

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा काढून पुढ्यात ठेवा. उत्तरेकडून आणि पूर्वेकडून वर्धा नदी जिल्ह्याच्या कडेकडेने येते. दक्षिणेकडून पैनगंगा येते. वणी तालुक्याच्या टोकाला, जुगादजवळ, दोघींची भेट होते. मधल्या मुलखातल्या बेंबळा, निर्गुडा, पूस, अरुणावती, अडाण, वाघाडी, खुनी या नद्यांचे पाणी शेवटी या दोघींपैकी एकीच्या ओटीत पडते. पुसदच्या एखाद्या मोरीतून निघालेले पाणी पूस नदीने पैनगंगेत जाते, तिथून वर्धेत, वर्धा आणि वैनगंगा मिळून होणाऱ्या प्राणहितेत, मग गोदावरीत आणि अखेर बंगालच्या उपसागरात.

आता नकाशाकडे पुन्हा पाहा. या दोन्ही नद्या जिल्ह्याच्या मधून फारशा जात नाहीत. त्या जिल्ह्याच्या हद्दी आहेत. पैनगंगेच्या डाव्या तीरावर यवतमाळ, तर उजव्या तीरावर हिंगोली, नांदेड आणि पुढे तेलंगण राज्यातला आदिलाबाद जिल्हा. (डावा-उजवा तीर कसा ठरवतात ठाऊक आहे ना? पाणी ज्या दिशेने चालले आहे तिकडे तोंड करून उभे राहायचे.) दोन घरांमधल्या बोळाचे काय होते ते तुम्ही पाहिलेच असेल. केर दोन्ही घरांचा पडतो, पण झाडायची वेळ आली की तो बोळ कोणाचाच नसतो. हद्दीवरच्या नदीचेही असेच होऊ शकते. म्हणून तिच्या प्रकृतीवर लक्ष कोण ठेवते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

लक्ष ठेवणारे कोणीच नाही असे मात्र नाही. उलट ते पुष्कळ आहेत. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग पांढरकवड्याच्या पुढे पैनगंगा ओलांडतो. तिथे केंद्रीय जल आयोगाचे निरीक्षण केंद्र आहे. आयोगाच्या कागदोपत्री ते ‘पी. जी. ब्रिज’ म्हणून ओळखले जाते. अशा केंद्रांवर रोज सकाळी आठ वाजता पाण्याची पातळी वाचतात आणि नदीतून किती पाणी वाहते आहे, म्हणजे तिचा विसर्ग किती, हे ठरवतात. पाण्यात घाण किती आहे ते पाहण्याचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. धरणातला साठा जलसंपदा विभाग मोजतो. विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाहते. पाणपक्षी वनविभागाकडे. पलीकडच्या तीरावर तेलंगणाची स्वतःची अशीच खाती आहेत. एकाच रोग्याची नाडी एका वैद्याने पाहावी, ताप दुसऱ्याने, जीभ तिसऱ्याने, आणि प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहून वही कपाटात ठेवावी, तसा हा प्रकार.

वह्या वेगवेगळ्या असल्या तर बिघडते कुठे, असे तुम्ही विचाराल. एक गणित करून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, ते खरे मोजलेले नाहीत.

समजा हिवाळ्यात एका पुलाखालून दर सेकंदाला २० घनमीटर पाणी वाहते आहे आणि त्यात सेंद्रिय घाण दर लिटरला २ मिलिग्रॅम आहे. उन्हाळ्यात त्याच पुलाखाली दर सेकंदाला १ घनमीटरच पाणी उरले, आणि घाण दर लिटरला ६ मिलिग्रॅम झाली. ज्याच्याजवळ फक्त बाटलीतल्या पाण्याचा आकडा आहे तो म्हणेल, “उन्हाळ्यात प्रदूषण तिप्पट वाढले!” आता विसर्गाची वही उघडा. लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजेच घनमीटरला १ ग्रॅम. तेव्हा हिवाळ्यात पुलाखालून दर सेकंदाला २० × २ = ४० ग्रॅम घाण जात होती; दिवसाला सुमारे साडेतीन टन. उन्हाळ्यात १ × ६ = ६ ग्रॅम; दिवसाला जेमतेम अर्धा टन. म्हणजे घाण आली कमी, पण ती धुऊन नेणारे पाणी त्याहूनही कमी झाले.

यांतले खरे कोणते? दोन्ही खरी. माशाला पहिल्या आकड्याशी कर्तव्य आहे, कारण तो त्या पाण्यात श्वास घेतो. घाण कुठून येते हे शोधणाऱ्या अधिकाऱ्याला दुसरा आकडा हवा. आणि तो दुसरा आकडा एका खात्याच्या वहीत सापडतच नाही. दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तरच मिळतो. शिवाय दोन्ही मापे एकाच ठिकाणी आणि एकाच दिवशी घेतलेली हवीत. सोमवारी मोजलेला विसर्ग आणि शुक्रवारची बाटली यांचा गुणाकार करता येतो, पण त्याला अर्थ नसतो.

बरे, ही सेंद्रिय घाण मोजतात कशी? तिची युक्ती मोठी गमतीची आहे. सांडपाणी, कुजका पाला, शेण हे पाण्यात पडले की सूक्ष्म जीवाणू ते खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. जेवढी घाण अधिक, तेवढा प्राणवायू अधिक खर्च. म्हणून नदीचे पाणी बाटलीत हवाबंद करून अंधारात ठेवायचे. आधी प्राणवायू किती होता आणि काही दिवसांनी किती उरला ते पाहायचे. आधी लिटरला ८ मिलिग्रॅम होता, नंतर ५ राहिला, तर त्या पाण्याची प्राणवायूची मागणी ३. आपल्याकडे हीच ३ ची रेघ ओढलेली आहे. मागणी तिच्यापेक्षा वाढली की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचा तो भाग प्रदूषित पट्टा म्हणून यादीत घालते. २०१८ च्या यादीत देशात असे ३५१ पट्टे होते. त्यांतले ५३, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, आपल्या महाराष्ट्रातले. हा आकडा वाचून मान खाली घालण्याआधी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या: जिथे पाणी तपासलेच जात नाही तिथला पट्टा यादीत येऊ शकत नाही.

‘काही दिवसांनी’ म्हणजे किती दिवसांनी? इंग्लंडमध्ये या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या आरंभी सांडपाण्याविषयी एक शाही आयोग बसला होता. त्याने पाच दिवस ठरवले, कारण तिथल्या नद्या लहान. त्यांचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळते असे मानले जाई. पुढे जगभर पाच दिवस आणि २० अंश सेल्सियस तापमान हीच रीत पडली. पण आपल्या उष्ण हवेत बाटली २० अंशांवर ठेवायची तर थंड कपाट लागते. जीवाणू उष्णतेत आपले काम भराभर उरकतात. म्हणून भारतीय मानकात २७ अंश आणि तीन दिवस असे धरले गेले. दोन्ही रीतींचे आकडे साधारण जवळपास येतात. तरी एकाने पाच दिवसांची रीत वापरली आणि दुसऱ्याने तीन दिवसांची, आणि कागदावर तसे लिहिलेच नाही, तर? डाव्या तीराचे पाणी चांगले की उजव्या तीराचे, यावर वर्षभर भांडत बसता येईल!

म्हणूनच सरकारी सहकार्य म्हणजे नुसते हातात हात घालून काढलेले छायाचित्र नव्हे. ते फार कंटाळवाण्या गोष्टींत असते. नमुना प्रवाहाच्या मध्यातून घ्यायचा की काठावरून? पृष्ठभागावरचा फेस बाटलीत येऊ द्यायचा का? प्राणवायूचा नमुना तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत थांबतच नाही. बाटलीतले जीवाणू वाटेतच तो खाऊ लागतात. म्हणून काठावरच बाटलीत दोन रसायने घालून तो ‘बांधून’ ठेवतात. ही कृती हंगेरीतील विंक्लर या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये शोधली. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. मुळीच नसेल तर पांढरा राहतो.

आपल्या देशात हे सारे हळूहळू जमत आले. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापले. केंद्राचा कायदा १९७४ चा. १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक योजनेत भारत सामील झाला, तेव्हा देशभरात नद्या-तलावांवरची अवघी २४ ठिकाणे तपासली जात. पण एकाच नदीवर निरनिराळी खाती निरनिराळ्या रीतीने पाणी तपासत होती. त्यांचा मेळ घालण्यासाठी २००१ मध्ये जल गुणवत्ता मूल्यांकन प्राधिकरण नेमले गेले आणि २००५ मध्ये सर्वांना बंधनकारक अशी एकच कार्यपद्धती जाहीर झाली. माझ्या मते पुष्कळ मोठमोठ्या योजनांपेक्षा हा रूक्ष दिसणारा आदेश अधिक मोलाचा आहे. आणखी पुढे, २०१८ मध्ये, निरनिराळ्या खात्यांचे आकडे एके ठिकाणी आणण्यासाठी राष्ट्रीय जल माहिती केंद्र उघडले.

हद्दीपलीकडे खबर उशिरा गेली तर काय होते, याचा धडा युरोपातील ऱ्हाइन नदीने दिला. स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड अशा देशांतून ती वाहते. या देशांनी १९५० मध्येच एक आयोग स्थापला होता. तरीही १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळ रसायनांच्या एका गोदामाला आग लागली, आग विझवण्याचे पाणी कीटकनाशके घेऊन नदीत गेले, पाणी लाल झाले आणि खालच्या अंगाला ईल मासे प्रचंड संख्येने मेले. खालच्या देशांना खबर वेळेवर मिळाली नाही, ही मोठी तक्रार होती. त्यानंतर मात्र या देशांनी इशारा देणारी ठाणी नीट बांधून घेतली आणि १९८७ मध्ये नदी सुधारण्याचा एकत्र कार्यक्रम आखला. नाहीसा झालेला सामन मासा काही वर्षांनी ऱ्हाइनच्या उपनद्यांत पुन्हा दिसू लागला.

वाहत्या पाण्याचे हे झाले. साठलेल्या पाण्याची तऱ्हा वेगळी. पुसद तालुक्यातील इसापूर धरणाचा जलाशय घ्या. त्याचे पाणी यवतमाळ, हिंगोली आणि नांदेड या तीन जिल्ह्यांच्या शेतीला जाते, आणि काठच्या उथळ पाणथळीत पक्षी उतरतात. अशा जलाशयात खतांचा अंश वाहून आला की हिरवे शेवाळ माजते. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करते, रात्री ते स्वतःच तो वापरते. दुपारी दोन वाजता नमुना घेतला तर पाणी उत्तम ठरेल. पहाटे पाच वाजता त्याच जागी मासे वर येऊन तोंडे उघडताना दिसतील. त्यातून उन्हाळ्याची भर! २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. तेव्हा तलावाच्या बाबतीत आकड्याशेजारी तास आणि तापमान लिहिलेले नसेल तर तो आकडा निम्मा मुका आहे.

आणखी एक वही राहिली, जमिनीखालच्या पाण्याची. पाऊस थांबल्यावर नदीत जे थोडे पाणी वाहत राहते ते बहुतांशी जमिनीतून पाझरलेले असते. म्हणून विहीर आणि नदी यांचे नाते जवळचे. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांतील काही गावांच्या हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड हा क्षार मर्यादेबाहेर आढळला आहे. तो कारखान्यातून आलेला नाही. खडकात दीर्घकाळ राहिलेले पाणी तो विरघळवून घेते. लिटरला दीड मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. वाढत्या वयाच्या मुलांनी याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायले तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि प्रमाण फार असेल तर हाडेही ताठरतात. हे पाणी काचेसारखे स्वच्छ असते, त्याला वास नसतो. उकळून फ्लोराइड जात नाही. डोळ्यांना न दिसणारी ही गोष्ट फक्त तपासणीच्या वहीत दिसते. पण ती वही गावातल्या शाळेपर्यंत आणि दवाखान्यापर्यंत पोचली नाही, तर मुले त्याच हातपंपावर पाणी पीत राहतात.

आता तुम्हांला एक काम. हिवाळ्यात, पाणी संथ आणि घोट्याएवढे असताना, शिक्षकांना बरोबर घेऊन गावच्या ओढ्यावर जा. (पावसाळ्यात किंवा धरणाच्या खाली हा प्रयोग करायचा नाही.) काठावर २० मीटर अंतर मोजून दोन खुणा करा. एक संत्रे पाण्यात सोडा. चेंडू नको, तो वर तरंगतो आणि वाऱ्याने ढकलला जातो. संत्रे बरेचसे बुडालेले राहते. दोन खुणांमधले अंतर कापायला त्याला ४० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. वरचे पाणी तळापेक्षा जलद धावते, म्हणून याला ०.८५ ने गुणा. मग ओढ्याची रुंदी मोजा आणि चार-पाच जागी काठी बुडवून सरासरी खोली काढा. रुंदी ३ मीटर आणि खोली ०.२ मीटर असेल, तर विसर्ग ३ × ०.२ × ०.५ × ०.८५, म्हणजे सेकंदाला सुमारे २५५ लिटर.

वर्गाचे दोन गट पाडा. दोन्ही गटांनी त्याच जागी, त्याच वेळी, पण एकमेकांना न विचारता मोजायचे. तारीख, तास, पाण्याचे तापमान, रंग आणि वास हेही लिहायचे. मग दोन्ही वह्या एकत्र उघडा. आकडे जुळले नाहीत तर कोणीही खाडाखोड करू नका. कोणाचे संत्रे गवतात अडकले, कोणी खोली फक्त काठापाशी मोजली, कोणाचे घड्याळ उशिरा सुरू झाले, ते आधी शोधा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मोजा.