पेयजलातील किरणोत्सर्गी दोष : उकळणे, गाळणे आणि काढा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, जल, देश व काल या चार भावांच्या विकृतीने संपूर्ण जनपद व्याधिग्रस्त कसे होते, याचे विवेचन आले आहे. विकृत जलाची तेथील लक्षणे वैद्यवर्गास परिचित आहेत. गंध, वर्ण, रस व स्पर्श पालटलेले, क्लेदबहुल, जलचर पक्ष्यांनी सोडून दिलेले असे ते जल होय. म्हणजेच दुष्ट जल ओळखण्याचे साधन वैद्याची इंद्रिये हेच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला दोष मात्र या परीक्षेत सापडत नाही. युरेनियम, रेडियम, आयोडीन-१३१ किंवा ट्रिटियम यांनी युक्त पाणी निर्मळ, शीत व रुचकर असू शकते. त्याच्या काठी बगळे बसतात आणि त्यात मासेही सुखाने पोहतात.

हा प्रश्न केवळ अणुभट्टीच्या परिसरातील लोकांचा आहे, असा एक समज आपल्याकडे आढळतो. वास्तविक भारतापुरते बोलायचे तर या दोषाचा सर्वांत व्यापक प्रकार निसर्गतःच भूजलात येणारे युरेनियम हा आहे. ग्रॅनाइट जातीच्या खडकात युरेनियम तुलनेने अधिक व बेसॉल्टमध्ये अल्प असते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू व बायकार्बोनेट मुबलक असतील, तर खडकातील युरेनियम कार्बोनेटाशी संयुक्त होऊन सहज विरघळते. शेतातून झिरपणारी नायट्रेटे या क्रियेस साहाय्यक ठरतात. पंजाबातील माळवा प्रदेशात, म्हणजे भठिंडा, मानसा, फरीदकोट या भागांत, कूपनलिकांच्या पाण्यात हे द्रव्य मर्यादेबाहेर आढळले आहे. २००९ साली फरीदकोट येथील काही विकलांग बालकांच्या केसांत युरेनियम सापडल्याचे वृत्त आल्यावर औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेवर संशय घेतला गेला होता. परंतु भूगर्भातील नैसर्गिक युरेनियम व सिंचनामुळे पालटलेले भूजलाचे स्वरूप हेच कारण अधिक संभवनीय दिसते. २०१८ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी राजस्थान व गुजरातमधील ३२४ विहिरींच्या परीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत राजस्थानातील सुमारे एक तृतीयांश विहिरींचे पाणी मर्यादेबाहेर होते.

ही मर्यादा कोणती? जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम व २०११ मध्ये ३० मायक्रोग्रॅम असे मान ठरविले. भारतीय मानक ब्युरोनेही ३० हाच आकडा स्वीकारला. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे ६० मायक्रोग्रॅम हे मान किरणोत्सर्गाच्या हिशेबाने काढलेले आहे. आकड्यांतील या तफावतीचे मर्म वैद्याने अवश्य ध्यानी घ्यावे. पाण्यातील युरेनियमचा मुख्य अपाय किरणांमुळे होत नाही. एक जड धातू म्हणून ते वृक्कावर, विशेषतः तेथील सूक्ष्म नलिकांवर, आघात करते. रेडियमचे तसे नाही. ते कॅल्शियमच्या जातीचे असल्याने अस्थिधातूत जाऊन बसते व तेथून किरणांचा मारा करीत राहते.

उकळलेले पाणी

आता आपल्या नित्य व्यवहाराकडे येऊ. रुग्णास ‘पाणी उकळून घ्या’ असे न सांगणारा वैद्य विरळा. जंतुदोषासाठी हा सल्ला उत्तम असून त्यात कोणताही बदल करण्याचे कारण नाही. किरणोत्सर्गी द्रव्ये मात्र अग्नीने नष्ट होत नाहीत. त्यांचा क्षय केवळ कालाने होतो, आणि तो काल प्रत्येक द्रव्याचा स्वतःचा असतो. निम्मे होण्यास आयोडीन-१३१ला ८ दिवस, ट्रिटियमला सुमारे १२ वर्षे, सीझियम-१३७ला ३० वर्षे, रेडियम-२२६ला १,६०० वर्षे आणि युरेनियम-२३८ला साडेचारशे कोटी वर्षे लागतात. उकळल्याने जाते ते फक्त रेडॉन, कारण तो वायू आहे.

उलट, उकळण्याने दोष वाढतो. संग्रहग्रंथांत वातासाठी पादहीन, पित्तासाठी अर्धहीन आणि कफासाठी पादशेष जल सांगितले आहे. ज्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ४० मायक्रोग्रॅम युरेनियम आहे, ते पाणी पादशेष केल्यास त्याच लिटरात १६० मायक्रोग्रॅम होईल. कफविकाराच्या रुग्णास आपण हेच पाणी दिवसभर पिण्यास सांगतो. अशा गावात हा सल्ला देण्यापूर्वी पाणी कोठले, हे विचारणे क्रमप्राप्त आहे.

काढ्याचा हिशेबही असाच. सोळापट पाणी घालून अष्टमांश उरविलेल्या क्वाथात न उडणारी द्रव्ये आठपट होतात. काही अंश चोथ्यात राहील, हे खरे. तरीही वरील पाण्याच्या ९६ मिलिलिटर क्वाथातून सुमारे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत युरेनियम पोटात जाऊ शकते. दोन लिटर साधे पाणी पिणाऱ्याच्या पोटात ८० मायक्रोग्रॅम जाते. अर्थात काढा हा मुख्य अपराधी नव्हे, पण वृक्करोग्याच्या बाबतीत हा अधिकचा भार उपेक्षणीयही नाही.

औषधनिर्मात्यांनी अधिक दक्षता घ्यावी ती घन व अवलेह यांच्या बाबतीत. घनवटीसाठी आटविलेल्या सर्व पाण्यातील क्षार व धातू त्या घनातच राहतात. गुडूचीसत्त्वात तसे होत नाही, कारण तेथे वरचे पाणी निथळून टाकले जाते. अर्क काढताना युरेनियम व रेडियम पात्राच्या तळाशी उरतात. वनौषधींच्या परीक्षणात आपण शिसे, कॅडमियम, पारा व आर्सेनिक हे चार धातू तपासतो. युरेनियम त्यांत नाही. नेहमीच्या जलपरीक्षणातही ते सहसा नसते, स्वतंत्रपणे मागावे लागते. कारखाना स्वतःच्या कूपनलिकेवर चालत असेल, तर एकदा तरी हे परीक्षण करून घ्यावे. दख्खनच्या बेसॉल्टवरील निर्मात्यांना चिंतेचे कारण त्या मानाने कमी आहे. पूर्व विदर्भातील जुन्या ग्रॅनाइटी खडकांवर ज्यांची कूपनलिका आहे, त्यांनी चालढकल करू नये.

प्रसादन आणि शोधन

सुश्रुतसंहितेत गढूळ जलाच्या प्रसादनासाठी कतक, गोमेदक, बिसग्रंथी, शैवालमूल, वस्त्र, मुक्ता व मणी ही साधने सांगितली आहेत. कल्पस्थानात विषदूषित जलासाठी धव, अश्वकर्ण आदी वृक्षांच्या भस्माचाही प्रयोग आहे. ‘आमच्या शास्त्रात हे सर्व आहेच’ असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु कतकाचे कार्य गढूळपणा खाली बसविण्याचे आहे, आणि विरघळलेले युरेनियम पाणी गढूळ करीत नाही. कतकाने किंवा भस्माने ते मर्यादेत येते, असे मानून रुग्णास निर्धास्त करणे शास्त्रालाच बाधक होईल.

उपयुक्त ठरतात ती साधने निराळी. रिव्हर्स ऑस्मोसिसने युरेनियम व रेडियम दोन्ही बऱ्याच अंशी निघतात. पाणी मृदू करण्याची नेहमीची यंत्रे कॅल्शियमबरोबर रेडियम धरतात, पण युरेनियम सोडून देतात. कार्बोनेटाशी संयुक्त युरेनियमचा भार ऋण असल्याने त्यासाठी ऋणभार धरणारे रेझिन लागते. ‘सॉफ्टनर बसविला आहे’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या निर्मात्यांनी हे जाणून घ्यावे. ट्रिटियमपुढे मात्र ही सारी यंत्रे निष्प्रभ आहेत, कारण ते पाण्याच्या रेणूचाच भाग असते आणि ऊर्ध्वपातनातही पाण्याबरोबरच येते.

ट्रिटियमचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये कारवारजवळील कैगा अणुवीज केंद्रात पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या मूत्रपरीक्षेत ट्रिटियम वाढलेले आढळले. शोध घेता, पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी कोणी तरी मिसळल्याचे दिसून आले. मूत्राची नियमित तपासणी होत होती, म्हणूनच हे उघडकीस आले. शरीरातील ट्रिटियम साधारण दहा दिवसांत निम्मे होते आणि भरपूर द्रवपान व मूत्रल उपचारांनी हा काल आणखी घटतो.

सार्वजनिक पुरवठ्यात कालाचे महत्त्व कसे असते, हे टोकियोत दिसले. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा येथील दुर्घटनेनंतर पावसाबरोबर किरणोत्सर्गी आयोडीन नद्यांत उतरले. २२ मार्च रोजी कानामाची जलशुद्धीकरण केंद्रात ते किलोमागे २१० बेकरेल भरले. प्रौढांसाठी मर्यादा ३००, तर अर्भकांसाठी १०० होती. दुसऱ्या दिवशी अर्भकांना नळाचे पाणी देऊ नये असे जाहीर झाले, दुकानांतील बाटल्या पाहता पाहता संपल्या आणि प्रशासनाने सुमारे ८० हजार अर्भकांसाठी प्रत्येकी तीन बाटल्या पाण्याची व्यवस्था केली. २४ मार्चला मान ७९वर आले. त्याच सुमारास गुळण्या करण्याचे आयोडीनयुक्त औषध पोटात घेऊ नये, अशी सूचना तेथील तज्ज्ञांना द्यावी लागली. भीतीच्या वेळी लोक हाताला लागेल ते घेतात. अशा वेळी ‘किरणोत्सर्गनाशक’ चूर्णे बाजारात आणण्याची बुद्धी आपल्या व्यवसायात कोणास होऊ नये.

दैनंदिन चिकित्सेपुरते सांगायचे तर, ज्या भागात भूजलातील युरेनियम ज्ञात आहे तेथील वृक्कविकाराच्या रुग्णाकडे पाण्याच्या स्रोताची, कूपनलिकेच्या खोलीची व घरातील शुद्धीकरण यंत्राची चौकशी करून ती रुग्णपत्रकात नोंदवावी. अर्भकांचे दूध कालविण्यासाठी व काढ्यासाठी परीक्षित पाणी वापरण्यास सांगावे. आणि ज्या औषधशाळांत रिव्हर्स ऑस्मोसिसचे यंत्र आहे, त्यांनी त्यातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी जलपुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडू नये. काढून टाकलेले सर्व युरेनियम त्याच पाण्यात असते आणि तेथून ते शेजाऱ्याच्या विहिरीत उतरते.