शाळेची शेती, पालकांच्या पंचांगाने

माळशेजच्या पायथ्याशी, वैशाखरे परिसरात, पावसाळ्यात परसबाग लावायला फार कष्ट पडत नाहीत. जूनमध्ये बी टोचलं की पुढचं पाऊस बघतो. मांडवावर शिराळी, काकडी चढते, अळू माजतं. आमच्या शाळेत मुलं खिचडीतली भेंडीची फोड उचलून "ही आमच्या वाफ्यातली" म्हणून भांडायची. पण परसबाग टिकते की नाही हे दिवाळीनंतर कळतं, आणि ज्या शाळा आता सुरुवात करताहेत त्यांच्यासाठी मी तेवढंच सांगणार आहे.

पालकसभेत सगळ्यांनी हात वर केले होते. श्रमदानाचा वार ठरला, पाळ्या लागल्या. जुलैत आवणी आली आणि पाळीला कोणी फिरकेना. एक आजी मुद्दाम सांगायला आल्या, "गुरुजी, रोप मुठीत असताना बाया शाळेत कशा येतील?" कापणी-झोडणीला तेच. दिवाळी सरली आणि कातकरीवाडीतली कितीतरी घरं पोराबाळांसकट वीटभट्टीवर गेली. वाफे सुकले. यात पालकांची बेपर्वाई कुठेच नव्हती. ज्या घराचं पोट आवणीवर आणि भट्टीच्या उचलीवर चालतं, त्या घराकडे शाळेने ठरावीक वार मागणंच चुकीचं आहे.

आपल्याच जिल्ह्यात याचं उत्तर फार पूर्वी सापडलं होतं. कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेत येऊ शकत नाही, तर शाळाच कुरणात नेली. शेतीचंही तसंच करावं.

म्हणून पालकांकडे मदत मागायची ती राब भाजून झाल्यावर, पाऊस पडायच्या आधी. तेव्हा माणसं गावात असतात. मांडव, बांध, वई ही अंगमेहनतीची कामं तेव्हाच उरकावीत. आवणीत कोणालाही बोलावू नये. पावसात बागेला मुलांचे हात पुरतात. वई मात्र भातकापणीच्या आधी पुन्हा तपासा. कापणी झाली की गुरं मोकळी सुटतात, आणि एका दुपारीत सगळी बाग फस्त होते. निरगुडी लावा, तिला गुरं तोंड लावत नाहीत. मोगली एरंड लावू नका, कोणी कितीही सुचवलं तरी. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि विषबाधा होते.

विषाचंच निघालं म्हणून सांगतो. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात, शाळेच्या जेवणात कीटकनाशक गेल्याने 23 मुलं दगावली. शाळेच्या आवारात, कुलपातसुद्धा, फवारणीचं औषध ठेवायचं नाही. कीड पडली तर वेल उपटून टाका.

हिवाळ्यासाठी वाल पेरा. भाताच्या खाचरातल्या ओलीवर तो येतो. सुरण आणि करांदे जमिनीत राहतात, रोज पाणी मागत नाहीत. शेवगा, कढीपत्ता हात धुण्याच्या मोरीजवळ लावा आणि ताटं धुतलेलं पाणी चर काढून तिकडे वळवा. फेब्रुवारीनंतर विहिरीचं पाणी बागेसाठी मागूच नका. ज्या गावात बाया हंड्यासाठी रांगेत उभ्या असतात, तिथे शाळेने मिरचीला पाणी घालणं लोकांना पटत नाही, पटूही नये.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. "पोरं शिकायला धाडली का राबायला?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हाही मुलांच्या कमाईवर शाळा चालवण्याच्या मुद्द्यावर टीका झाली होती. बागेतलं काही विकू नका. सगळं मुलांच्या ताटात गेलं पाहिजे, आणि किती निघालं ते रोज फळ्यावर लिहिलं पाहिजे. काम शिक्षा म्हणून द्यायचं नाही. शेण-मातीचं काम कातकरी मुलाकडे, झाडलोट मुलींकडे आणि झारी बाकीच्यांकडे, अशी वाटणी आपोआप होत जाते; पाळ्यांचा तक्ता शिक्षकाने स्वतः करावा आणि स्वतःचं नावही त्यात घालावं.

भट्टीवर जाणाऱ्या घरांना निघताना वालाचं, काकडीचं मूठभर बी बांधून द्या. ती घरं पावसाच्या तोंडावर परततात तेव्हा बागेचं काम पुन्हा उभं राहतं. त्या मुलांचे वाफे दुसऱ्या कोणाला देऊ नका.