शाळेला कुलूप का लागतं? शिक्षकांचा संप, जिल्हा परिषद आणि गाव



संपामुळे शाळा बंद राहिली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पारावर कुणी म्हणतं, "गुरुजीला पगार कमी पडायलाय का?" आणि शिक्षकांच्या ग्रुपवर येतं, "गावाला आपलं काही कळतच नाही." हे भांडण नेमकं कुणाशी आहे आणि कशासाठी आहे, ते मात्र दोन्हीकडे सुटून जातं. आजच्या लेखात तेच समजून घेऊ.

१. आपला मालक कोण?

नांदेड असो की लातूर, खेड्यातली प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची असते. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आलं. त्यामुळे कागदावर शिक्षकाची मालक जिल्हा परिषद. नेमणुकीचा आदेश तिथलाच आणि निलंबनाचाही तिथलाच.

पण थोडं खोलात जाऊन बघा. भरती होते राज्याच्या अभियोग्यता चाचणीवर आणि पवित्र पोर्टलवर. पगाराचं बिल शालार्थ प्रणालीतून जातं आणि पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो. जिल्ह्यातल्या बदल्या २०१७ पासून ऑनलाइन झाल्या. शाळेत किती शिक्षक ठेवायचे, हे संचमान्यतेचे शासन निर्णय ठरवतात. म्हणजे निवेदन द्यायचं गटशिक्षणाधिकाऱ्यांना किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, आणि त्याचं उत्तर मिळणार मुंबईत. त्यात मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. २०२३ आणि २०२४ च्या आंदोलनांच्या वेळी या दोन्ही जिल्हा परिषदांमध्ये लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता. पालकांनी तक्रार घेऊन जायचं तरी कुणाकडं?

२. संप ही शेवटची पायरी असते

निवेदन, चर्चेची बैठक, काळ्या फिती लावून काम, सुट्टीच्या दिवशी धरणे, मोर्चा, एक दिवसाची सामूहिक रजा आणि मग बेमुदत संप, अशा पायऱ्या साधारणपणे असतात. पहिल्या तीन-चार पायऱ्यांवर वर्ग चालूच असतो, म्हणून गावाला त्या दिसत नाहीत. गावाला दिसतं ते थेट कुलूप.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात (टी. के. रंगराजन) सांगितलं आहे. त्यामुळे संपावर जाणारा शिक्षक कारवाईची जोखीम घेऊनच जात असतो.

३. तीन आंदोलनं, तीन मागण्या

*१९७७ :* सरकारी व जिल्हा परिषद कर्मचारी आणि शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप. नेते होते र. ग. कर्णिक. मुख्य मागणी होती केंद्राच्या दरानं महागाई भत्त्याची. १९७८ मध्ये आलेल्या शरद पवार यांच्या सरकारनं ती मान्य केली.

*मार्च २०२३ :* 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. आमच्या वयाचे बहुतेक शिक्षक त्यातच येतात. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन ठरलेली असायची. नव्या योजनेत आमच्या पगारातून १० टक्के कापले जातात, सरकार १४ टक्के घालतं आणि हाती किती येईल ते बाजारावर अवलंबून. १४ ते २० मार्च असा सात दिवस संप चालला. राज्यभरात सुमारे १७ लाख कर्मचाऱ्यांचा हा प्रश्न होता. सरकारनं समिती नेमली आणि संप मागे घेतला गेला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. जुनी पेन्शन जशीच्या तशी काही मिळाली नाही.

*२५ सप्टेंबर २०२४ :* शिक्षकांची सामूहिक रजा आणि जिल्हाधिकारी कार्यालयांवर मोर्चे. कारण होते दोन शासन निर्णय. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेनं सहावी ते आठवीत २० पेक्षा कमी पट असेल तर शिक्षकाचं पद मिळणं बंद होणार होतं. ५ सप्टेंबरच्या, म्हणजे ऐन शिक्षक दिनाच्या निर्णयानं २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक १५,००० रुपये मानधनावर कंत्राटी असणार होता. मोर्चाच्या दोनच दिवस आधी ही मर्यादा १० वर आणली गेली आणि २०२५ मध्ये कंत्राटीचा निर्णय सरकारनं मागे घेतला.

आता फरक बघा. पेन्शनची मागणी शिक्षकाच्या म्हातारपणाची आहे. ती रास्त आहे, पण ती शिक्षकाचीच आहे. २०२४ ची मागणी मात्र तांड्यावरच्या लेकराची होती. समजा मुखेड किंवा जळकोट तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर १८ मुलांची शाळा आहे. तिथला कायम शिक्षक गेला तर फटका आधी त्या १८ घरांना बसतो. या दोन मागण्या एकाच भाषेत मांडल्या की गावाला दोन्ही पगाराच्याच वाटतात.

४. संपाचा भार कुणावर?

कारखान्यात संप झाला की मालकाचं उत्पादन थांबतं. शाळेत संप झाला की मंत्रालयाचं काही थांबत नाही. थांबते ती दुपारची खिचडी आणि पहिलीच्या लेकराचं वाचन. मार्च २०२३ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या आणि त्या घरांतले पालक धास्तावले होते. रोजमजुरीवर जाणारी आई लहान लेकरू कुणाकडं ठेवणार? आपल्या भागात ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची मुलं आजीजवळ राहतात. त्यांच्यासाठी शाळा हीच दिवसभराची सोय असते.

शिक्षकानं संप करू नये, असं मी म्हणत नाही. संघटना नसती तर तांड्यावरच्या शाळेची बाजू कुणी मांडली असती? पण संपाचा भार ज्यांच्यावर पडतो, त्यांना तो का उचलायचा हे आधी सांगायला हवं.

५. मग करायचं काय?

*शिक्षकांनी :*
- आंदोलन ठरलं की शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलवा. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. तिथं मागणी एका पानावर, साध्या मराठीत ठेवा.
- मागणी शिक्षकांची असेल तर शिक्षकांची म्हणूनच सांगा. तिला मुलांचं नाव देऊ नका.
- बुडालेले तास कोणत्या दिवशी भरून काढणार, ते लिहून फळ्यावर लावा आणि तसे भरून काढा.

*पालकांनी :*
- "पगार किती?" या प्रश्नाआधी "मागणी काय?" हा प्रश्न विचारा.
- आपल्या शाळेचा पट आणि मंजूर पदं मुख्याध्यापकांकडून माहीत करून घ्या. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, हा कायद्यातला निकष आहे.
- मागणी पटली तर समितीचा ठराव करून जिल्हा परिषदेला पाठवा. न पटली तर तसंही लेखी कळवा.

वर्गात घेण्यासाठी (सातवी-आठवी, नागरिकशास्त्र)

मुलांचे तीन गट करा : शिक्षक संघटना, जिल्हा परिषद आणि पालक. 'आपल्या शाळेतला एक शिक्षक कमी होणार आहे' हा विषय द्या. प्रत्येक गटानं आपलं म्हणणं पाच वाक्यांत मांडायचं आणि नंतर दुसऱ्या गटाचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. दुसरा भाग जास्त अवघड जातो, म्हणून त्याला जास्त वेळ द्या.

तुमच्या गावात आंदोलनाच्या काळात शाळा आणि पालक यांचं बोलणं कसं झालं, ते जरूर कळवा.