विहीर आपली, शोषखड्डा शेजाऱ्याचा

तुमच्या विहिरीला पक्का कठडा आहे, वर जाळी आहे, आत पोहरासुद्धा धुऊनच सोडला जातो. तर मग तिचे पाणी पिण्यास योग्य आहे, असे म्हणता येईल काय? एवढ्यावरून नाही म्हणता येणार. विहिरीतले पाणी काही आपल्या आवारात तयार होत नाही. ते जमिनीखालून, दहा शेजाऱ्यांच्या आवारांतून वाहत येते.

१९५४ नव्हे, १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीने सहाशेच्या वर माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदी नकाशावर मांडल्या, तेव्हा रस्त्यावरच्या एका पंपाभोवती त्यांची गर्दी दिसली. पंपाचा दांडा काढण्यात आला. पण पंपाच्या विहिरीत घाण आली कोठून, हे उलगडले नव्हते. तो दुवा हेन्री व्हाइटहेड या स्थानिक धर्मोपदेशकाने जुळवला. तो घरोघर ओळखीचा होता. त्याने चौकशी केली तेव्हा जवळच्याच घरातले एक आजारी बाळ आणि त्या घरचा फुटका मैलाकुंड यांचा पत्ता लागला. कुंड विहिरीपासून जेमतेम मीटरभर दूर होता! शास्त्रज्ञाचा नकाशा आणि शेजाऱ्याची माहिती, दोन्ही मिळाली तेव्हाच कोडे सुटले.

आपल्याकडे पाहू

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली, कामगार आले, चाळी उठल्या. २०११ च्या जनगणनेत बोईसरची नोंद 'जनगणना शहर' अशी झाली. वस्ती शहराची, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. अशा दाट वस्तीत एकाच्या घराला खेटून दुसऱ्याचे घर असते, आणि एकाच्या बोअरवेलला खेटून दुसऱ्याचा शोषखड्डा.

जमीन ही गाळणी

शोषखड्ड्यातले पाणी मातीत झिरपते. जिवाणू साधारण एक मायक्रोमीटर लांबीचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बारीक मातीच्या कणांत तो अडकतो आणि अन्नावाचून मरतो. म्हणजे माती दोन कामे करते: गाळते आणि वेळ काढते. दुसरे काम महत्त्वाचे आहे. पाणी विहिरीपर्यंत पोहोचण्यास जितके दिवस जास्त, तितके जिवंत जंतू कमी.

हे दिवस मोजता येतात. फ्रान्समधील दिजाँ शहराचा पाणीपुरवठा उभारणारे अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून पाणी कसे वाहते याचा नियम मांडला. त्यावरून,

भूजलाचा वेग = पाझरता × पाणपातळीचा उतार ÷ सच्छिद्रता

समजा, जाड वाळूची पाझरता दिवसाला २० मीटर, उतार १०० मीटरला १ मीटर आणि सच्छिद्रता ०.२५ आहे. मग वेग = २० × ०.०१ ÷ ०.२५ = ०.८ मीटर प्रतिदिन. दहा दिवसांत पाणी ८ मीटर जाईल. बारीक वाळूची पाझरता २ मीटर धरली, तर तेवढ्याच दिवसांत ते ८० सेंटिमीटरच सरकेल.

विहीर आणि शोषखड्डा यांत निदान १० मीटर अंतर ठेवावे, असे सांगतात त्याचे मर्म येथे आहे. परंतु १० हा काही मंत्र नव्हे. काही जंतू महिनाभरही तग धरतात. तीस दिवसांत जाड वाळूतले पाणी २४ मीटर गेलेले असेल. पूर्वेकडच्या काळ्या कातळात भेगा असतील, तर पाणी गाळले न जाताच सरळ धावते. किनाऱ्यालगतच्या वालुकामय पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात भूजल वर चढते आणि खड्ड्याच्या तळाशी भिडते. मधली कोरडी माती, म्हणजे उत्तम गाळणी, नाहीशी होते. म्हणून खड्ड्याचा तळ पावसाळी पाणपातळीच्या दोन मीटर वर असावा. ते शक्य नसेल तेथे खड्डा उथळ घ्यावा, तळ पक्का करावा आणि भोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर द्यावा.

एकट्याने का भागत नाही?

तुम्ही आपला संडास उत्तम बांधलात, पण शेजारचा खड्डा तुमच्या विहिरीच्या चढाच्या बाजूला असेल, तर तुमचा खर्च वाया गेला. भूजलाला कुंपण कळत नाही. कणकवलीजवळ गोपुरी येथे अप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वस्त, खत देणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. त्यांच्या विचाराने प्रेरित झालेले डॉ. मापुसकर देहू गावात डॉक्टर होते. औषधे देऊन रोग हटत नाही, हे पाहून ते गावकऱ्यांसह संडासांच्या कामाला लागले आणि अनेक वर्षे त्यात राहिले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०००-०१ पासूनच्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातही बक्षीस एका घराला नव्हे, सबंध गावाला होते.

करून पाहा

१. आपल्या गल्लीचा नकाशा काढा. विहिरी निळ्या, शोषखड्डे तांबड्या रंगात दाखवा. मोजपट्टीने अंतरे मोजा. १० मीटरपेक्षा कमी असलेल्या जोड्यांभोवती वर्तुळ करा.

२. मोठ्यांना बरोबर घेऊन, दोरीला दगड बांधून विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतची खोली मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये मोजा. फरक किती आला?

३. दोन बाटल्यांचे तळ कापून त्या उलट्या धरा. तोंडाला फडके बांधा. एकीत खडी, दुसरीत बारीक वाळू भरा. दोन्हींत गढूळ पाणी ओता आणि वेळ मोजा. वाळूतून आलेले पाणी निवळ दिसले तरी पिऊ नका. निवळ म्हणजे निर्जंतुक नव्हे.

सेप्टिक टँकचे झाकण मात्र कधीही उघडू नका. आतल्या विषारी वायूंनी माणूस क्षणात बेशुद्ध पडतो.

नकाशा पुरा झाला की शिक्षकांसह तो ग्रामसभेपुढे किंवा नगर परिषदेपुढे ठेवा. कोणाच्या नावाने बोट दाखवू नका, केवळ अंतरे दाखवा. आणि दुरुस्ती होईपर्यंत वर्तुळातल्या विहिरीचे पाणी उकळूनच प्या.