सरपंचाचं काम मिळालेल्या भाच्यास

चि. भाच्यास,

काल तुझ्या आईचा फोन आला होता. मालिकेत सरपंचाचं काम मिळालं आणि तू मात्र तोंड पाडून बसला आहेस, असं म्हणाली. नायकाच्या कामासाठी गेलास आणि खलनायक होऊन परतलास, म्हणजे आता जन्मभर कॅरेक्टर रोलच, असं तुझ्या मनानं घेतलं आहे. ऑडिशनला तू निळू फुल्यांची नक्कल केलीस आणि त्यावरच निवड झाली, हेही कळलं. म्हणून हे पत्र, आणि आधी त्या नकलेबद्दलच लिहितो.

निळूभाऊंची नक्कल करणारे सगळे एकच करतात. मान तिरकी, डोळा बारीक, आवाज घोगरा, आणि बाईला वाड्यावर बोलावणं. तू त्यांचा 'सामना' हा चित्रपट पुन्हा बघ. बर्लिनच्या महोत्सवात गेला म्हणून आपण त्याचा अभिमान मिरवतो, पण तू तो अभ्यास म्हणून बघ. साखर कारखान्याचा मालकच म्हणावा असा त्यांचा हिंदुराव धोंडे पाटील रस्त्यात सापडलेल्या एका दारुड्या मास्तराला घरी आणतो, त्याला खाऊपिऊ घालतो, स्वतःचं साम्राज्य कौतुकानं दाखवतो. पाहुण्याचं करण्यात त्याला खरोखर आनंद आहे. त्याचा दरारा आरडाओरड्यात नाही, कारण ज्याच्या शब्दावर गाव हलतं त्याला ओरडायची गरजच पडत नाही. पुढे मास्तर मारुती कांबळे या माणसाचं काय झालं, असं विचारत सुटतात आणि हा माणूस आतून पोखरत जातो. शेवटी तो उघडा पडतो तेव्हा आपल्याला चक्क त्याची कणव येते. समोर डॉ. श्रीराम लागूंसारखा नट, लेखणी तेंडुलकरांची, हे सगळं खरं. पण दुष्टपणा न दाखवता दुष्ट माणूस उभा करणं हे निळूभाऊंचं स्वतःचं. नकलेत नेमकं हेच हाती लागत नाही.

हे त्यांच्याकडे आलं कुठून, याचा मी बराच विचार केला आहे. ते कुठल्या नाट्यशाळेत शिकले नव्हते. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करायचे आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम करायचे. कलापथक म्हणजे गावोगावचे मुक्काम, देवळापुढचे प्रयोग, समोर सगळं गाव. असा माणूस पाटील, पुढारी, सावकार जवळून बघतो, तोही त्यांच्या विरुद्ध बाजूला उभा राहून. सत्ता असलेला माणूस खुर्चीत कसा बसतो, गरिबाचं बोलणं अर्ध्यावर कसं तोडतो, कुणाला बस म्हणतो आणि कुणाला उभंच ठेवतो, हे त्यांनी तिथेच टिपलं असणार. पुढे 'एक गाव एक पाणवठा'सारख्या चळवळीत, अंधश्रद्धा निर्मूलनात, सामाजिक कृतज्ञता निधीत ते उतरले, ते काही नट म्हणून नाव झाल्यावर सुचलेलं परोपकारी काम नव्हतं. सेवा दलाची चळवळ आधीची आहे, सिनेमा नंतरचा. तेव्हा तुला सरपंच करायचा असेल तर निळू फुले बघून करू नकोस. आपल्या तालुक्याच्या पंचायत समितीत चार दिवस जाऊन बस.

आता दुसरं, म्हणजे छाप पडण्याचं. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानं त्यांचं नाव झालं आणि १९६८ साली अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'त झेले अण्णा म्हणून ते पडद्यावर आले. मग काय, पाटील, सरपंच, सावकार यांची रीघच लागली. त्यातले कितीतरी चित्रपट आज कुणाला आठवतही नाहीत. खेड्यापाड्यातल्या बायका त्यांना खरोखरच तसला माणूस समजून बोटं मोडायच्या. ती नटाला पावती आहे असं लोक म्हणतात आणि ते खोटं नाही. पण धंदा अशा पावतीवर तेच तेच काम पुढे करतो, हेही तितकंच खरं.

यातून ते वाचले ते नाटकामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. १९७२ साली कमलाकर सारंगांनी 'सखाराम बाइंडर' बसवलं. तो सखाराम निळूभाऊंचा, चंपा लालन सारंगांची. सेन्सॉरनं अडवलं, प्रकरण हायकोर्टात गेलं, नाटकाविरुद्ध रान उठलं. शिवराळ, रांगडा, बाईला राबवून घेणारा आणि तरी ढोंग न करणारा सखाराम हा ठोकळेबाज खलनायक नव्हताच. दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये तर ते जुन्या गांधीवादी स्वातंत्र्यसैनिकाच्या भूमिकेत उभे राहिले. आणि १९७९ साली जब्बार पटेलांनी 'सिंहासन'मध्ये त्यांना पत्रकार दिगू टिपणीस दिला. मुख्यमंत्री, मंत्री, कामगारपुढारी सगळे बोलत राहतात, आणि दिगू बहुतेक वेळ नुसता ऐकतो. त्या चित्रपटाचा तोल त्या ऐकण्यावर आहे. शेवटचं त्याचं ते सुटलेलं हसू अंगावर येतं, कारण तोवर हा माणूस फारसं काही बोललेलाच नसतो. समोरच्याचं ऐकता येणं हे नाटकाच्या तालमीत घडतं. मालिकेच्या सेटवर तुझा क्लोजअप घेताना समोरचा नट घरीसुद्धा गेलेला असू शकतो. तिथे तू कुणाचं ऐकणार?

म्हणून माझं म्हणणं असं. हे काम घे. पैसे तीन महिन्यांनी हातात येतात, हे धरून घरखर्चाची सोय आधी कर. एकदम पैसा आला म्हणून हप्त्यावर गाडी घेऊन बसू नकोस. हप्ते चालू असले की नको ते काम नाकारता येत नाही. पहिल्या पन्नास भागांत तुझ्याकडून तोच घोगरा आवाज मागतील. दिग्दर्शकाशी वाद घालू नकोस, पण प्रत्येक प्रवेशात या सरपंचाला समोरच्याकडून नक्की काय हवं आहे ते वहीत लिहून मगच सेटवर जा. लेखकालाही कधीतरी चहाला गाठ. तुझा सरपंच कुणाला जीव लावतो, हे त्याला विचार.

आणि तुमच्या संस्थेचं नाटक सोडू नकोस. नाइटचे पैसे फुटकळ असतात, दौऱ्यात झोप होत नाही, मला ठाऊक आहे. तरीही शनिवार-रविवारच्या प्रयोगांच्या तारखा करारावर सही करण्याआधी त्यात लिहून घे. तोंडी शब्दावर राहू नकोस, कारण चित्रीकरण अडलं की पहिला बळी तुझ्या प्रयोगाचा जाईल. सही करण्याआधी कराराची प्रत मला पाठव, मी वाचून लगेच कळवतो.

तुझा,
मामा